टॉर्क कन्व्हर्टरचा 'स्टॉल' : मोठा आकडा नव्हे, योग्य आकडा

गुहागर तालुक्यातून आखाती देशांत कामाला जाण्याची परंपरा जुनी आहे. दुबई, शारजा, कुवेत, दोहा कोठेही जा, आपली माणसे ज्याला 'सनैया' म्हणतात त्या औद्योगिक भागातल्या गॅरेजमध्ये कोकणचा मिस्त्री भेटतो. तिकडे ऑटोमॅटिक गाडी हा नियम आणि गिअरची गाडी हा अपवाद. आपल्याकडे अनेक वर्षे याच्या उलट होते. आता मात्र शृंगारतळीच्या बाजारातही क्लच नसलेल्या गाड्या उभ्या दिसतात. मग रजेवर आलेल्या मिस्त्रीला गावातला तरुण हमखास विचारतो, "भाई, माझ्या गाडीला मोठ्या स्टॉलचा कन्व्हर्टर बसवला तर पिकअप वाढेल का?"

प्रश्न छोटा आहे, पण उत्तर चुकले तर खर्च मोठा आहे. कन्व्हर्टर ही महाग वस्तू. ती बदलायची म्हणजे अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. निवड चुकली तर गाडी आधीपेक्षा सुस्त होते, पेट्रोल जास्त खाते आणि शेवटी गिअरबॉक्सच जळतो. म्हणून हा विषय गाडीचा मालक, मिस्त्री आणि सुट्या भागांचा व्यापारी या तिघांनीही नीट समजून घेतला पाहिजे.

सर्व ऑटोमॅटिक एकसारख्या नसतात

आधी आपल्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आहे का, हे पाहावे. 2014 साली मारुती सेलेरिओमधून आपल्या बाजारात रुजलेल्या 'एएमटी' प्रकारात साधा गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेटच असते, फक्त क्लच दाबण्याचे काम यंत्र करते. दोन क्लचच्या 'डीसीटी' प्रकारातही कन्व्हर्टर नसतो. या गाड्यांना स्टॉलची चर्चा लागूच पडत नाही. याउलट 2020 ची थार, 2022 ची स्कॉर्पिओ-एन, 2022 ची ब्रेझा, तसेच फॉर्च्युनर यांच्या ऑटोमॅटिकमध्ये खरा टॉर्क कन्व्हर्टर आहे. नावात 'ऑटोमॅटिक' आहे एवढ्यावरून सामान मागवणाऱ्याचे पैसे पहिल्या पायरीवरच बुडतात.

लाँचचा पंखा आणि कन्व्हर्टर

कन्व्हर्टर कसा चालतो हे आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला समजावणे सर्वांत सोपे आहे. वेलदूरच्या किंवा दाभोळच्या धक्क्यावर मच्छीमारी लाँच दोराने बांधून इंजिनाला पूर्ण रेस दिली तर काय होते? लाँच हलत नाही, पण पंखा पाणी कापत फिरतो. इंजिनाचे फेरे वाढत जातात आणि एका ठिकाणी थांबतात. जितकी ताकद इंजिन देते तितकीच पंखा पाण्यात खर्च करतो, म्हणून फेरे त्यापुढे जात नाहीत. पंखा मोठा असेल तर फेरे लवकर अडतात, लहान असेल तर इंजिन उंच फेऱ्यांवर जाते. पंखा इंजिनाला जोडीचा नसेल तर लाँच चालत नाही, हे कोणत्याही तांडेलाला सांगावे लागत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हेच घडते. पाण्याऐवजी तेल असते एवढाच फरक. बंद डब्यात समोरासमोर दोन चाके असतात. पहिले, म्हणजे पंप, इंजिनाला जोडलेले. ते तेल भिरकावते. दुसरे, म्हणजे टर्बाइन, गिअरबॉक्सला जोडलेले. ते त्या तेलाच्या माऱ्याने फिरते. दोघांच्या मध्ये 'स्टेटर' नावाचे तिसरे चाक असते. ते परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवते आणि त्यामुळे फिरवण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, वाढतो. गाडी जागेवरून उठताना ही वाढ साधारण दुपटीच्या आसपास असते. टर्बाइन वेग घेऊन पंपाच्या जवळ पोहोचले की वाढ संपते आणि स्टेटर मोकळा फिरू लागतो.

ही कल्पना मुळात जहाजासाठीच निघाली. जर्मन इंजिनिअर हर्मान फॉटिंगर स्टेटिन बंदरातील वल्कन जहाज कारखान्यात काम करीत होते. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते आणि जहाजाचा पंखा सावकाश फिरवावा लागतो. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी त्यांनी 1905 साली या यंत्राचे पेटंट घेतले. मोटारीत ते पुढे आले. 1948 मध्ये अमेरिकेतील ब्युइक गाडीच्या 'डायनाफ्लो' गिअरबॉक्समध्ये टॉर्क कन्व्हर्टर दिसला.

स्टॉल म्हणजे नेमके काय?

गाडी ब्रेकने जखडलेली आहे, गिअर 'डी'मध्ये आहे आणि पेडल पूर्ण दाबले आहे, अशा स्थितीत इंजिन जास्तीत जास्त जितक्या फेऱ्यांवर जाऊन थांबते तो आकडा म्हणजे स्टॉल. दोराने बांधलेल्या लाँचचे फेरे, तोच हा आकडा. कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांचा स्टॉल साधारण 1600 ते 2400 फेऱ्यांच्या दरम्यान असतो.

शर्यतीच्या गाडीला मोठा स्टॉल लागतो, त्यालाही कारण आहे. तिच्या इंजिनात वेगळी कॅमशाफ्ट किंवा मोठा टर्बो असतो. अशा इंजिनाची ताकद खालच्या फेऱ्यांवर नसते, ती 3000 नंतर जागी होते. साधा कन्व्हर्टर त्याला 2000 वरच अडवतो. इंजिन ताकदीच्या पट्ट्यात पोहोचतच नाही आणि गाडी सुरुवातीला मरगळते. स्टॉल वाढवला की इंजिन आधी वर जाते आणि मग गाडी उठते. मोठ्या स्टॉलने इंजिनाची ताकद वाढत नाही. जी ताकद आहे ती लवकर हाताला लागते. आणि जे इंजिन 1500 फेऱ्यांवरच जोर धरते त्याला या उपायाची गरजच नसते.

एकच कन्व्हर्टर, दोन आकडे

व्यवहारात सर्वांत जास्त फसगत येथे होते. डब्यावर '3000' लिहिले आहे म्हणून कोणत्याही गाडीत 3000 च मिळेल असे नाही. स्टॉल हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नाही. तो कन्व्हर्टर आणि इंजिन या जोडीचा गुण आहे. इंजिनाचा टॉर्क जितका जास्त तितका तोच कन्व्हर्टर अधिक फेऱ्यांवर स्टॉल होतो. हे प्रमाण टॉर्कच्या वर्गमुळाचे आहे.

हिशेब करून पाहू. एक कन्व्हर्टर 400 न्यूटन-मीटर टॉर्क देणाऱ्या मोठ्या अमेरिकन व्ही-8 इंजिनामागे 3000 वर स्टॉल होतो. आखातातल्या बाजारात असे सामान सर्रास मिळते. तोच कन्व्हर्टर 225 न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे लावला तर? 225 ला 400 ने भागले, वर्गमूळ काढले, तर येते 0.75. म्हणजे स्टॉल झाला 2250. ग्राहकाने 3000 चे पैसे दिले आणि हाती आले 2250. उलट एखाद्या 250 न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे जो 2000 वर स्टॉल होतो, तो 360 न्यूटन-मीटरच्या इंजिनामागे 2400 वर जातो.

आणखी एक खबरदारी. हिशेबात टॉर्क धरायचा तो त्या फेऱ्यांवर इंजिन प्रत्यक्ष देते तेवढा. जाहिरातीत छापलेला कमाल टॉर्क कदाचित 4500 फेऱ्यांवरचा असेल. तो धरला तर उत्तर चुकते.

याच नियमाने एक गैरसमजही दूर होतो. '3000 चा स्टॉल बसवला की 3000 फेरे होईपर्यंत गाडी हलतच नाही' असे अनेकजण सांगतात. तसे नाही. 3000 हा आकडा पूर्ण पेडलचा. हलक्या पायाने चालवताना इंजिन एक चतुर्थांश टॉर्क देत असेल तर अडण्याची जागा निम्म्यावर, म्हणजे 1500 वर येते. गाडी बाजारातून सावकाश जाते. फक्त घसरण, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या फेऱ्यांतला फरक, आधीपेक्षा जास्त राहतो.

डबा लहान, स्टॉल मोठा

स्टॉल वाढवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे कन्व्हर्टरचा व्यास कमी करणे. येथेही पंख्याचाच नियम लागतो. तेलातून टॉर्क पेलण्याची क्षमता व्यासाच्या पाचव्या घातावर अवलंबून असते. व्यास 10 टक्के कमी केला तर क्षमता सुमारे 59 टक्क्यांवर येते आणि स्टॉल सुमारे 30 टक्के वर जातो. 12 इंचाच्या जागी त्याच बनावटीचा 10 इंचाचा बसवला तर 2000 चा स्टॉल जवळजवळ 3150 होतो. पात्यांचा कोन आणि स्टेटरची रचना बदलूनही फरक पाडता येतो. म्हणून विक्रेत्याला स्टॉलबरोबर आणखी एक आकडा विचारावा : स्टॉलच्या वेळी टॉर्क किती पट होतो? दोन कन्व्हर्टरचा स्टॉल सारखा असूनही एकाचा गुणाकार 1.8 आणि दुसऱ्याचा 2.3 असू शकतो. हलक्या आणि ताकदवान गाडीला जास्त गुणाकार दिला तर चाके जागेवरच फिरतात. जड गाडीला मात्र तो उपयोगी पडतो.

तीन रस्ते, तीन उत्तरे

पहिला रस्ता आपला घाट. गुहागरहून निघणारा विजापूरचा राष्ट्रीय महामार्ग चिपळूण ओलांडून कुंभार्ली घाट चढतो आणि कराडकडे जातो. ट्रकमागे अडकत, वळणावर थांबत, भरलेली गाडी घेऊन चढायचे. येथे मोठा स्टॉल वैरी ठरतो. वेग कमी, भार जास्त, म्हणजे कन्व्हर्टर सतत घसरत राहणार आणि तेल तापत राहणार. उतरतानाही ढिल्या कन्व्हर्टरमधून इंजिनाचा अटकाव कमी मिळतो आणि ब्रेकवर ताण येतो. शिवाय डिझेल थारचा 300 आणि डिझेल ऑटोमॅटिक फॉर्च्युनरचा 500 न्यूटन-मीटर हा कमाल टॉर्क 1600 ते 2800 फेऱ्यांच्या दरम्यानच मिळतो. अशा इंजिनाला 3000 चा स्टॉल देणे म्हणजे ताकदीचा पट्टा ओलांडून पुढे जाणे. येथे उत्तर एकच : कारखान्याचा कन्व्हर्टर ठेवा.

दुसरा रस्ता वाळूचा. अबुधाबीतील लिवा भागात 'तल मोरीब' नावाची वाळूची टेकडी आहे. ती सुमारे 300 मीटर उंच आणि जवळजवळ 50 अंशांच्या चढाची आहे. तेथे गाड्या चढवण्याच्या शर्यती होतात. आखातात 4.8 लिटरच्या सहा सिलिंडर इंजिनाची निसान पेट्रोल या कामासाठी प्रसिद्ध आहे आणि तिला मोठा टर्बो लावणारी गॅरेजेस आहेत. टर्बो मोठा असला की तो हवा भरायला वेळ घेतो. वाळूत तर चाके जखडल्यासारखी असतात. येथे थोडा वाढीव स्टॉल, बहुतेक 2600 ते 3200 च्या घरातला, टर्बोला जागे करतो. पण सोबत मोठा ऑइल कूलर हवाच.

तिसरा रस्ता सरळ शर्यतीचा. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ड्रॅग शर्यतींचे नाव आपल्याकडच्या शौकिनांना माहीत आहे. केवळ काही सेकंद धावणाऱ्या गाडीला 3500 ते 4500 किंवा त्याहून मोठा स्टॉल चालतो, कारण दोन धावांच्या मध्ये तेल थंड करायला वेळ मिळतो. तीच गाडी घेऊन गुहागर-चिपळूण रोज ये-जा करायची म्हटले तर जमणार नाही.

साधारण नियम असा : इंजिनाची ताकद जेथून सुरू होते त्याच्या सुमारे 500 फेरे वर स्टॉल असावा. रस्त्यावरच्या गाडीसाठी तो मूळ आकड्यापेक्षा 400 ते 600 हून जास्त वाढवू नये. दोन आकड्यांत मन अडकले तर रस्त्यासाठी लहान आकडा घ्यावा.

तेल तापले की धंदा संपला

गाडी जखडून पेडल पूर्ण दाबले असता इंजिनाची सर्व ताकद तेल तापवण्यात जाते. घाटातही हिशेब सोपा आहे. इंजिन 60 किलोवॅट देत असेल आणि कन्व्हर्टर त्यातले 75 टक्के पुढे पोहोचवत असेल, तर उरलेले 15 किलोवॅट तेलात उतरतात. घरातला 2 किलोवॅटचा गिझर आपण जाणतो. असे सात-आठ गिझर एकदम काही लिटर तेलाखाली पेटवल्यासारखे हे आहे.

गिअरबॉक्सचे तेल 80 ते 95 अंशांवर सुखी असते. त्यापुढे दर 10-11 अंशांच्या वाढीला तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा जाणकारांचा ठोकताळा आहे. 120 च्या पुढे सतत चालवले तर सील कडक होतात आणि क्लच प्लेटा जळतात. म्हणून वाढीव स्टॉल घेणाऱ्याने चार खर्च आधीच धरावेत : वेगळा ऑइल कूलर, तेलाच्या तापमानाचे मीटर, कंपनीने सांगितलेल्याच प्रतीचे तेल आणि लॉक-अप क्लच असलेला कन्व्हर्टर. लॉक-अप म्हणजे ठराविक वेगानंतर पंप आणि टर्बाइन यांना घट्ट जोडणारी क्लच. ती लागली की घसरण थांबते. स्वस्त मिळतो म्हणून लॉक-अप नसलेला कन्व्हर्टर रस्त्याच्या गाडीला लावणे ही बचत नव्हे. नव्या गाड्यांत संगणकाचीही जुळणी करावी लागते. नाहीतर तो वाढलेली घसरण बिघाड समजून दिवा लावतो आणि गाडी सुरक्षेच्या मंद चालीवर टाकतो.

मिस्त्रीने सांभाळायच्या गोष्टी

स्टॉल मोजणे ही रोगाची परीक्षाही आहे, केवळ शौकाची नाही. चाकांना ओंडके लावा, हँडब्रेक व पायाचा ब्रेक दाबा, गाडीसमोर कोणालाही उभे करू नका. पूर्ण पेडल पाच सेकंदांहून अधिक नको. मग न्यूट्रलमध्ये एक-दोन मिनिटे तेल थंड होऊ द्या. आकडा ठरलेल्यापेक्षा थोडा कमी आला तर इंजिन अशक्त आहे. फारच कमी, म्हणजे एक तृतीयांश घसरला, तर स्टेटरच्या एकदिशा क्लचवर संशय घ्या. आकडा जास्त आला तर तेल कमी आहे किंवा आतल्या क्लच प्लेटा घसरत आहेत. मात्र अनेक नव्या गाड्या ब्रेक आणि पेडल एकत्र दाबले की इंजिनाची ताकद आपोआप घटवतात. तेथे कंपनीचे पुस्तक पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

बसवताना कन्व्हर्टरमध्ये थोडे तेल भरून तो फिरवत फिरवत आत ढकलावा. पंपाच्या खाचेत तो पूर्ण बसेपर्यंत बोल्ट आवळू नयेत. गिअरबॉक्स इंजिनाला भिडल्यावर फ्लेक्सप्लेट आणि कन्व्हर्टर यांच्यात सुमारे 3 ते 5 मि.मी. फट राहिली पाहिजे. फट नसेल तर तो आत बसलेला नाही, आणि बोल्ट आवळताच पुढचा पंप फुटतो. जुना कन्व्हर्टर जळून गेला असेल तर कूलर आणि नळ्या धुतल्याशिवाय नवा लावू नये. जुना चुरा नव्याला खातो.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातील मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ठामपणे लागू केले. इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी लागते. कन्व्हर्टर बदलल्यावर कंपनीच्या वॉरंटीवर हक्क सांगणे कठीण होते, म्हणून आधी चौकशी करावी आणि विमा कंपनीला कळवावे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम 189 खाली गुन्हा आहे.

रोजगाराची वाट

या हुनरात रोजी आहे. कन्व्हर्टर हा वेल्डिंगने बंद केलेला डबा. तो लेथवर कापायचा, आतले बेअरिंग, सील आणि लॉक-अपचे अस्तर बदलायचे, पुन्हा वेल्डिंग करून गळती तपासायची आणि बॅलन्स करायचा. हे काम टर्नर, वेल्डर आणि मोटार मेकॅनिक या तीन हातांचे आहे. आखातात हे शिकलेला माणूस परत आला आणि चिपळूणच्या खेर्डीसारख्या औद्योगिक वसाहतीत किंवा शृंगारतळीत दुकान थाटू म्हणाला, तर त्याने शर्यतीच्या सामानावर भिस्त ठेवू नये. वॉरंटी संपलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांची दुरुस्ती हाच भरवशाचा धंदा. शौकीन महिन्यातून एखादा येईल, तापलेला गिअरबॉक्स मात्र घाट रोज पाठवील.

दुकानदाराची पत ठरते ती तो ग्राहकाला काय विकतो यावर नाही, तर काय घेऊ नको म्हणतो यावर. गाडीचे वजन, इंजिनाचा टॉर्क कोणत्या फेऱ्यांवर आहे, डिफरन्शिअलचा रेशो, टायरचा आकार आणि गाडी रोज कोठे चालणार, हे पाच प्रश्न न विचारता जो '3000 घ्या, उडेल' म्हणतो त्याच्यापासून दूर राहावे. आणि ग्राहकाने हे पाच आकडे कागदावर लिहून नेले, तर निम्मी निवड दुकानात पाऊल ठेवण्याआधीच झालेली असेल.